दादऱ्याची शनिवार रात्र

दादऱ्याला जायचं तर डोंबिवलीकराला दादरला जावं लागत नाही. कोपरच्या वरच्या फलाटावर दिवा-वसई गाडी पकडायची, भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड ही स्टेशनं मागं टाकत वसई रोडला उतरायचं आणि वापीला थांबणारी गाडी बघायची. मुंबईचं तोंडही न बघता माणूस चहाच्या वेळेला गुजरातेत पोचतो. माझा थोरला मावसभाऊ, अण्णा, बरीच वर्षं वापीला नोकरी करतो. त्यानं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "शनिवारी ये. रात्री हद्दीपलीकडे जाऊ. पण चालत."

"चालत का? तुझी स्कूटर कुठे गेली?"

"ये तर खरा, मग कळेल."

या वाटेवर पोर्तुगीज काही पाठ सोडत नाहीत. आमच्या ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे, तो बांधायला घेतला त्यांनीच. तो पुरा व्हायच्या आत १७३७ साली मराठ्यांनी ठाणं घेतलं. दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीजांचा उत्तर प्रांत आटून इकडे दमण तेवढं उरलं. गाडी वसईहून सुटली की पालघर, बोईसर, डहाणू, घोलवड, बोर्डी रोड हा सगळा टापू २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. त्यापुढचं उंबरगाव आता गुजरातेत. पण त्या तालुक्यातली बरीचशी गावं १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच मोजली जायची. खिडकीतून बघताना राज्य बदलल्याचं कळतं ते स्टेशनच्या पाटीवर गुजराती अक्षरं आली म्हणून. चिकूच्या वाड्या, ताडाची झाडं आणि मिठागरं यांना त्याचा पत्ता नसतो.

फरक आहे तो बाटलीचा. दारूबंदीचा मुंबई इलाख्याचा कायदा १९४९ चा. १ मे १९६० ला राज्य दुभंगलं तेव्हा तो दोन्ही भावंडांच्या वाट्याला आला. महाराष्ट्रानं तो हळूहळू सैल सोडला, इतका की आज डोंबिवली स्टेशनबाहेरच्या बारवर लिहिलेलं 'परमिट रूम' वाचून कुणाला परवान्याची आठवणही होत नाही. गुजरातनं मात्र तो घट्ट धरून ठेवला. २०११ साली नावातली 'मुंबई' काढून तिथं 'गुजरात' घातलं, बंदी तीच राहिली. परवान्याशिवाय दारू बाळगणं तर गुन्हा आहेच, पोटात असणं हाही गुन्हा आहे. आणि अशा या गुजरातच्या दक्षिण टोकाला, वापीच्या पश्चिमेला दमण आणि पूर्वेला दादरा व नगर हवेली. दोन्हीकडे दारू खुली, वर महाराष्ट्रापेक्षाही बरीच स्वस्त. वापीकरानं करायचं काय?

वहिनीनं चहाबरोबर मुठिये दिले आणि अण्णाला बजावलं, "तुमचं काय चालायचं ते चालू दे, पण भाऊजींना रात्री परत आणू नका. तिकडंच झोपा."

मला वाटलं, वहिनी वैतागली आहे. तर ती कायदा सांगत होती. जाताना कोणी अडवत नाही. येताना तोंडाला वास आला तर गुन्हा. दुचाकीवाल्याला हटकून थांबवतात, तोंडात नळी धरतात. पायी माणूस गर्दीत निसटून जातो, पण तोही नशिबाचा भाग. ३१ डिसेंबरला तर वलसाड जिल्ह्याच्या हद्दींवर माणसं शेकड्यांनी पकडली जातात. त्यांना ठेवायला पोलिसांना मंगल कार्यालयं भाड्यानं घ्यावी लागल्याच्या बातम्या आल्या आहेत. तेव्हा रात्र काढायची ती पलीकडेच काढायची आणि सकाळी कोरड्या तोंडानं परत यायचं, हाच सरळ मार्ग. लोक याला मौजमजेचा मुक्काम म्हणतात. खरं तर ती कायद्यानं घालून दिलेली झोप आहे.

सिल्वासा रस्त्यानं शेअर रिक्षात बसून आम्ही डुंगरा, करवड मागं टाकलं आणि हद्दीच्या अलीकडे उतरलो. दिवेलागण झाली होती. कारखान्यांची पाळी सुटली होती आणि रस्त्याच्या कडेनं माणसांची रांग लागली होती. बहुतेक पंचविशी-तिशीतली पोरं. कोणी उत्तर प्रदेशचा, कोणी ओडिशाचा, दोघेजण जळगावकडचे. त्यांच्या बोलण्यातलं "काय भो" कानावर पडलं म्हणून कळलं. पाठीला डब्याच्या पिशव्या, पायात स्लिपर, आणि चाल अशी की उशीर झाला तर काहीतरी संपेल.

हद्द म्हणावी असं तिथं फार काही नाही. डावीकडे गुजरात पोलिसांची चौकी, लोखंडी अडथळे आडवेतिडवे लावलेले, एक हवालदार खुर्ची रस्त्याकडे वळवून बसलेला. त्याची नजर आमच्यावर नव्हती, पलीकडून येणाऱ्यांवर होती. आम्ही जात होतो, त्यामुळे आम्ही त्याच्या हिशेबात नव्हतो. वीसेक पावलं पुढं गेलो आणि पहिलं दुकान आलं. मग दुसरं, तिसरं. दोन्ही बाजूंना दुकानं आणि बार, पाट्यांवर झगमगाट, बाहेर फुटपाथवर उकडलेल्या अंड्यांची, चण्याची, भज्यांची गाडी. हद्दीच्या अलीकडच्या टपरीवर चहा आणि गुटखा मिळत होता, पलीकडच्या टपरीवर प्लॅस्टिकचे ग्लास आणि सोडा. एकाच रस्त्यावर, एकाच मातीत दोन बाजार. कुठं संपतो आणि कुठं सुरू होतो, हे आंधळ्यानंही वासावरून सांगावं.

एका बारमध्ये आम्ही टेकलो. अण्णानं मसाला पापड आणि दोन लिंबू सोडा मागवले. मी बघतच राहिलो.

"अरे, इथपर्यंत येऊन सोडा?"

"दादऱ्यात बघायचं. प्यायची सिल्वासात. मध्ये गुजरात आहे."

"मध्ये?"

"मग सांगतो. आधी ते टेबल बघ."

शेजारच्या टेबलावर चौघे होते. त्यांच्या पिण्यात रेंगाळणं नव्हतं. एक क्वार्टर चार ग्लासांत सारखी पडली. ओतणारा ग्लास डोळ्यांच्या रेषेत धरून थेंबाथेंबाचा न्याय करत होता. शेंगदाणे तोंडात, ग्लास तोंडाला, की संपलं. मग दुसरी. अर्ध्या तासात हिशेब चुकता झाला. त्यातल्या एकानं खिशातून बडीशेपेची पुडी काढली, दुसऱ्यानं वेलची, तिसऱ्यानं कच्चा कांदा चावायला घेतला. कांद्यानं वास मारतो, हा त्यांचा सिद्धांत. चौथा नुसता चूळ भरत होता. मग चौघे अंतर ठेवून, एकेकटे बाहेर पडले. एकत्र गेलं की संशय येतो, अण्णानं हळूच सांगितलं. दारू पिऊन झिंगलेली माणसं मी डोंबिवलीत पुष्कळ पाहिली आहेत. पिऊन इतकी शुद्धीवर असलेली माणसं पहिल्यांदाच पाहत होतो.

बाटल्यांवरचं लेबल मी वाचलं. फक्त या केंद्रशासित प्रदेशात विक्रीसाठी, असा त्यावर शिक्का. ही बाटली गुजरातेत नेली तर दारूबंदीचा गुन्हा, आणि महाराष्ट्रात तलासरीच्या बाजूनं नेली तरी गुन्हाच, कारण आपल्या सरकारचा कर बुडतो. एका राज्याला दारू नको, दुसऱ्याला तिच्यावरचा पैसा हवा. पोलिसांना दोन्हीकडे काम सारखंच.

आता गंमत अशी की ही हद्द गोऱ्या साहेबानं आखलेली नाही. ती पुण्यात ठरली. सन १७७९. सवाई माधवराव गादीवर, वय वर्षं पाच. कारभार नाना फडणविसांच्या हाती, आणि इंग्रजांशी लढाई पेटलेली. पोर्तुगीजांनी निदान शत्रूला मिळू नये, म्हणून त्यांच्याशी मैत्रीचा तह झाला. मराठी आरमारानं पूर्वी त्यांच्या एका जहाजाचं केलेलं नुकसानही भरून द्यायचं होतं. दमणजवळच्या गावांचा बारा हजार रुपयांचा वसूल त्यांना लावून द्यायचा ठरला. १७८३ साली नगर हवेलीची आणि १७८५ साली दादऱ्याची सनद गेली. दोन्ही मिळून बहात्तर गावं, त्यांतली तीन दादऱ्याची. नानांनी दिला तो वसूल. जमीन द्यायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण वसूल घ्यायला माणूस येतो, माणसापाठोपाठ चौकी येते, चौकीपाठोपाठ झेंडा. पुढं इंग्रजांनीही पोर्तुगीजांना तिथले मालक धरलं आणि सरंजामाचं राज्य होऊन बसलं.

वसुलासाठी जन्मलेली ही हद्द आजही वसुलावरच जगते आहे. त्या बारा हजारांची मला मौज वाटली. शनिवारी रात्री त्या रस्त्यावरचं एखादं दुकान तासाभरात तेवढा गल्ला करत असेल.

आम्ही पुढं निघालो. वनगंगेच्या तलावाची बाग अंधारात गेली होती, फाटकावर दिवा होता. तिच्यापुढं दादरा संपतो. दादरा म्हणजे गुजरातच्या पोटातलं एक बेट. नगर हवेली त्याला चिकटलेली नाही. दोघांच्या मध्ये लवाछा गावाची चिंचोळी पट्टी आहे, आणि ती गुजरातची. म्हणजे वापीहून सिल्वासाला चालत जाणारा माणूस कोरड्या मुलखातून ओल्यात, ओल्यातून पुन्हा कोरड्यात आणि तिथून पुन्हा ओल्यात जातो. एवढ्यावर भागत नाही. नगर हवेलीच्या आत मघवाळ नावाचं गाव आहे, तेही गुजरातचं. सरंजाम देताना जी गावं यादीत नव्हती, ती तशीच राहिली.

"आता कळलं सोडा का घेतला ते?" अण्णा म्हणाला.

लवाछ्यात दुकानं होती ती किराणा, मोबाईल आणि फरसाणची. एका घराच्या ओट्यावर टीव्हीवर मालिका चालली होती. रस्ता तोच, पण चालणाऱ्यांची चाल बदलली. बारमधून निघालेला एकजण आमच्या पुढं होता. दादऱ्यात तो फोनवर मोठमोठ्यानं बोलत होता, लवाछ्यात त्यानं फोन खिशात टाकला आणि मान खाली घातली.

याच पट्टीवरून एकदा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला चालला आहे. जुलै १९५४ मध्ये दादरा पोर्तुगीजांच्या हातून गेला. नगर हवेली वाचवायला त्यांना दमणहून माणसं आणि शिपाई पाठवायचे होते, आणि भारत मधून जाऊ देईना. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालनं दावा लावला. मागणी एकच, आम्हाला मधल्या भारतीय प्रदेशातून ये-जा करण्याचा हक्क आहे. भारताकडून महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. पेशव्यांचा १७७९ चा तह आणि सनदा न्यायाधीशांपुढं आल्या. मराठ्यांनी वसुलाचा हक्क दिला होता, सार्वभौमत्व नव्हे, हे न्यायालयानं मान्य केलं. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्यापुरता ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांना तो नव्हता. आणि भारतानं कुठलंही कर्तव्य मोडलेलं नाही.

म्हणजे लवाछ्याच्या रस्त्यावर आमच्यासारख्या दोन निरुपद्रवी माणसांनी चालावं की नाही, याचा विचार हेगमध्ये होऊन गेला आहे. सामान्य मालात क्वार्टर बसते का, एवढं मात्र त्यांनी लिहिलेलं नाही.

आणि रात्री पायी हद्द ओलांडायचा इथला शिरस्ता आमच्यापासून सुरू झालेला नाही. १९५४ च्या पावसाळ्यात ती ओलांडली ती मराठी पोरांनी. २२ जुलैला युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या माणसांनी दादऱ्याची चौकी घेतली. नगर हवेलीवर चाल केली ती आझाद गोमंतक दलानं आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या स्वयंसेवकांनी. राजा वाकणकर, नाना काजरेकर, आणि त्यांच्यात संगीतकार सुधीर फडके, इतिहासकार बाबासाहेब पुरंदरे. पैसा उभा करायला त्याच वर्षी पुण्यात हिराबागेत लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला होता. २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा हाती आलं. चालींना सुंदर वळणं देणारा माणूस ऐन पावसात चिखल तुडवत सरहद्दीवर गेला होता, हे आमच्या पिढीला गाणी तोंडपाठ असूनही ठाऊक नसतं. मलाही हे सगळं लवाछ्याच्या रस्त्यावर अण्णाकडूनच नीट कळलं. वापीत राहून रसायनांच्या वासाबरोबर त्यानं इतिहासही छातीत भरून घेतला आहे.

त्यापुढची सात वर्षं तर आणखी अजब. इथं पोर्तुगाल नव्हता आणि कायद्यानं भारतही नव्हता. वरिष्ठ पंचायत कारभार बघायची. शेवटी विलीनीकरणाच्या करारावर सही करायला राष्ट्रप्रमुख हवा, म्हणून के. जी. बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्याला एक दिवसाचं पंतप्रधान केलं गेलं आणि त्यानं नेहरूंबरोबर सही केली. ११ ऑगस्ट १९६१ ला हा मुलूख भारतात आला. दमण आलं त्याच वर्षीच्या डिसेंबरात, लष्करी कारवाईनं. तिथं उतरली होती पहिली मराठा लाइट इन्फंट्री.

पिपरियात पोचलो आणि पुन्हा दिवे, पुन्हा पाट्या, पुन्हा मोकळी चाल. पुढचा तो फोनवाला परत मोठ्यानं बोलायला लागला. सिल्वासात पेठेतल्या एका साध्या लॉजवर खोली घेतली. खालीच खानावळ आणि बार. इथं मात्र कोणाला घाई नव्हती. वाढायला आलेले काका खानवेलकडचे, वारली. आमचं बोलणं ऐकून त्यांनी मराठीत विचारलं, "कंचं गाव?" डोंबिवली म्हटल्यावर त्यांची मुलगी अंबरनाथला दिली आहे, हे निघालं. त्यांना बिअरचं कौतुक नव्हतं.

"आमच्याकडं ताडी होती. पहाटेची उतरवायची, उन्हं चढायच्या आत प्यायची. गोड. ह्या बाटल्या शेटलोकांसाठी आल्या, कारखानेवाल्यांसाठी."

"आता ताडी नाही?"

"हाये ना. पण तिला बोर्ड नाय."

अण्णानं दुसरी बिअर सांगितली आणि मी पहिलीच पुरवून पुरवून प्यायलो. माशाचं कालवण फक्कड होतं. बोलता बोलता विषय कारखान्याचा, निवृत्तीचा, अण्णाच्या गुडघ्यांचा निघाला. दारू हे निमित्त असतं हे खरं, पण त्या रात्री ती निमित्तापुरतीही नव्हती. आम्ही नुसते वापीतल्या त्याच्या घरी भेटलो असतो तर चहावरही याच गप्पा झाल्या असत्या. फक्त मग एवढं चाललो नसतो आणि एवढं समजलं नसतं.

सकाळी चर्चपर्यंत फेरी मारली. अवर लेडी ऑफ पायटीचं हे पांढरं चर्च १८९७ चं. रविवारची प्रार्थना सुटत होती, बायका नेटक्या साड्यांत, पोरं बुटांत. पोर्तुगीज या गावाला व्हिला दे पासो द'आर्कोस म्हणायचे. ते नाव आज कोणाच्या तोंडी नाही. मग सामायिक गाडीनं दमणगंगेचा पूल, नरोली करत भिलाडला आलो. हद्दीवर गाडी थांबली. पोलिसानं पिशव्या उघडून बघितल्या, आमच्याकडे दोन टॉवेल आणि खानवेलकाकांनी दिलेला आंब्याचा साठ निघाला. एका बाईच्या भाजीच्या थैलीत त्यानं हात खोल घातला आणि रिकामा बाहेर काढला. ती हसली, तोही हसला.

भिलाडहून अण्णा वापीला गेला, मी वसईची गाडी धरली. डोक्यात मुलुंड चेकनाका होता. आम्ही ठाणे-डोंबिवलीकरांनी तिथली ट्रकांची रांग वर्षानुवर्षं बघितली आहे. मुंबईत माल न्यायचा तर जकात भरा, म्हणून ट्रक थांबायचे, म्हणून ढाबे होते, पंक्चरवाले होते, दलाल होते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवर छोट्या गाड्यांचा टोलही माफ झाला. ठाण्याची आणि मुंबईची हद्द आहे तिथंच आहे, नकाशावर एक इंचही हललेली नाही. पण आज मुलुंड चेकनाका हे बसथांब्याचं नाव आहे. रिक्षावाल्याला सांगायचं आणि उतरायचं, इतकंच. नवीन पिढीला तिथं काय तपासत होते हे सांगावं लागतं.

दादऱ्याचंही तेच होईल. डिसेंबर २०२३ मध्ये गुजरातनं गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत काही अटींवर दारूला मोकळीक दिली आहे. ती मोकळीक सरकत सरकत वापीपर्यंत आली, तर त्या रस्त्यावरचे दिवे महिन्याभरात विझतील, कांदा चावत परतणारी रांग संपेल. नाना फडणविसांनी दिलेली तीन गावं तेव्हाही गुजरातपासून वेगळीच असतील, फक्त तिथवर चालत जायला कोणाला कारण उरणार नाही.